मामींनी उभा केलेला जावई

माझ्या सासूबाईंच्या अंगात आजवर जेवढी माणसं येऊन गेली, तेवढी अंबाजोगाईच्या सगळ्या लॉजांत मिळूनही मुक्कामाला उतरली नसतील. त्यांत पुढारी आले, सिनेमातले नट आले, बातम्या सांगणाऱ्या बायका आल्या, क्रिकेटचं धावतं वर्णन करणारे आले, टीव्हीवर सकाळी सकाळी राशिभविष्य सांगणारे महाराज आले. एकदा तर हवामानाचा अंदाज सांगणारा एक इसम येऊन तीन दिवस राहिला. त्या तीन दिवसांत त्यांनी सासऱ्यांना जेवायला वाढतानासुद्धा ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी वरण’ असंच वाढलं. सगळ्यांत शेवटी त्यांच्या अंगात मी आलो, आणि त्यापायी मी चार महिने सासुरवाडीची पायरी चढलो नाही. ती हकिकत सांगायलाच हे लिहायला बसलो आहे, पण त्याआधी मामी कोण हे सांगायला हवं. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात, आणि आता सगळा महाराष्ट्रच त्यांना मामी म्हणत असल्यामुळे मला वेगळं काही म्हणायची सोय राहिलेली नाही.

धर्मापुरीत जुन्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची पिठाची गिरणी आहे. गुळगुळीत झालेल्या दगडांना छिन्नीनं टाकी लावणं, पट्टा बदलणं, मोटार बिघडली तर तिच्याशी तासन्‌तास न बोलता बसणं ही कामं सासऱ्यांची. दळण घेणं, दळून देणं आणि दळणाबरोबर आलेलं माणूस बघणं हे काम मामींचं. गिरणी चालू असली की कानाशी तोंड आणून बोललेलंही ऐकू येत नाही. समोरचं माणूस हातवारे करतं, भुवया चढवतं, मान झटकतं, आणि ऐकू येते ती नुसती घरघर. तीस वर्षं असं बिनआवाजाचं माणूस बघून मामींचा एक सिद्धांत तयार झाला आहे. “आवाज लई नंतर येतो, जावईबापू. आदी मान येती. मान धरली की आवाज आपसूक मागं चालत येतो.” दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीला निघालेली कुटुंबं महिना-महिन्याचं पीठ एकदम दळून न्यायला येत. तेव्हा गिरणीसमोर डब्यांची रांग देवळापर्यंत जाई, आणि मामींच्या दृष्टीनं ते सुगीचे दिवस असत. चेहरा पिठानं पांढरा, पापण्याही पांढऱ्या, आणि त्यात ते दोन काळेभोर डोळे समोरच्या माणसाची मान मोजत असलेले. तीच माणसं उन्हाळ्यात गावी परतली की पहिल्यांदा गिरणीवर यायची आणि म्हणायची, “मामी, आमचा मुकादम करून दावा.” मामींनी त्यांचा मुकादम फक्त एकदा, तो स्वतः दळण घेऊन आला तेव्हा पाहिलेला असे. तेवढा पुरत असे.

मोठमोठ्या माणसांच्या नकला त्यांना कशा जमल्या, याचंही उत्तर त्याच गिरणीत आहे. त्यांचं म्हणणं असं की टीव्हीवर दिसणारा प्रत्येक माणूस आपल्या तालुक्यात आधीच असतो, फक्त त्याला कुणी टीव्हीवर नेलेलं नसतं. हिंदीतला एक मोठा नायक दाखवून त्या म्हणायच्या, “ह्यो म्हंजी आपला खताचा दुकानदार. युरिया न्हाई म्हणताना अगदी आशीच मान वळीतो.” एक जुनी नायिका रडायच्या आधी पदराचं टोक शोधते, ती त्यांची परळीची जाऊ. मग त्या दुकानदाराला धरायच्या आणि त्याच्यातून नायकापर्यंत जायच्या. चाल पकडायची असली तर मात्र त्यांना मागोमाग जावंच लागे. एकदा अंबाजोगाईच्या बाजारात एका अनोळखी गृहस्थाची फेंगडी चाल त्यांना इतकी आवडली की त्या त्याच्यामागे अर्धा बाजार हिंडल्या. तो बिचारा शेवटी पोलीस चौकीत शिरला आणि म्हणाला, “साहेब, ही बाई माझ्यामागं माझ्यासारखीच चालायलीय.” जमादारानं मामींना विचारलं, “काय हो बाई, असं चालता का?” मामी म्हणाल्या, “मी न्हाई चालत. हे चालतेत.” आणि चौकीत दोन फेऱ्या मारून दाखवल्या. जमादाराला बाकावर बसून पाणी प्यावं लागलं.

माझी नि त्यांची पहिली भेटही अशीच. मुलगी पाहायला आम्ही धर्मापुरीला गेलो होतो. बरोबर आमचे थोरले काका. काकांना प्रत्येक वाक्याआधी तीनदा खाकरायची आणि घराण्यातली मोठ्या हुद्द्यावरची माणसं बोटांवर मोजून दाखवायची सवय. पोहे झाले, चहा झाला, आम्ही उठलो. जीपमध्ये बसल्यावर काकांच्या ध्यानात आलं की चष्मा आतच राहिला, म्हणून मला परत पाठवलं. दाराशी पोचतो तर आतून काकांचा आवाज! मला वाटलं, म्हातारा मागच्या दारानं माझ्याआधी आत गेला की काय. डोकावून पाहिलं तर काकांच्याच खुर्चीत मामी, पदर उपरण्यासारखा खांद्यावर टाकलेला, बोटांवर तहसीलदार मोजत आहेत. घरातल्या बायका पोट धरून जमिनीला टेकलेल्या, आणि जिला पाहायला मी आलो होतो ती भिंतीला टेकून डोळे पुसत होती. मला पाहिल्यावर सगळं चिडीचूप झालं. मामी मात्र जागच्या हलल्या नाहीत. तीनदा खाकरून काकांच्या आवाजात म्हणाल्या, “काय रे, गाडी लावली का?” आणि मी, जन्माची सवय, म्हणालो, “हो काका.” त्यावर भिंतीजवळची मुलगी जी हसली, ते हसणं ऐकून मी परत जाताना चष्मा न्यायचा विसरलो.

पुढे तिच्याशीच लग्न झालं आणि मी अंबाजोगाईला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवू लागलो. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मामींनी तिळगूळ वाटता वाटता सहा नामवंत माणसं केली. बायकोनं ते मोबाइलवर टिपलं आणि नातेवाइकांना पाठवलं. नातेवाइकांनी आणखी कुणाला पाठवलं, आणि आठ दिवसांत गिरणीवर बिनदळणाची माणसं यायला लागली. काही भिडस्त माणसं निमित्ताला किलोभर ज्वारी घेऊन यायची. मग मुंबईहून एका वाहिनीचा फोन आला. हसवणाऱ्या कलाकारांची स्पर्धा होती. मामींना वाटलं, हे फोनवर गंडा घालणारे. त्यांनी तीनदा फोन कापला, आणि चौथ्यांदा ‘आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती सध्या उत्तर देऊ शकत नाही’ हे त्या टेलिफोनमधल्या बाईच्या आवाजात म्हणून दाखवलं. समोरच्यानं मुकाट्यानं फोन ठेवला. शेवटी त्या लोकांनी बायकोचा नंबर शोधून काढला, तेव्हा कुठे हे प्रकरण पुढे सरकलं. चौपन्नाव्या वर्षी, पुण्याच्या पलीकडे कधी न गेलेल्या मामी एका पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन मुंबईला गेल्या आणि स्पर्धेसाठी निवडल्या गेल्या. सासरे एवढंच म्हणाले, “जाऊ द्या. हितं बी ती हितं कुटं असती?”

त्यानंतरचे दोन-तीन महिने आमच्या घरात सणासारखे गेले. दर आठवड्याला मामी कुणीतरी नवा होऊन येत. लुगडं नेसून, डोक्यावरचा पदर न पाडता त्या नट करायच्या, आणि दोन मिनिटांत लुगडं दिसेनासं व्हायचं. परीक्षक टाळ्या वाजवायचे, दुसरे कलाकार पाया पडायचे. मी कॉलेजात ताठ मानेनं हिंडत होतो. “आमच्या सासूबाई,” असं मी ज्याला-त्याला, त्यानं विचारलं नसलं तरी, सांगत होतो. त्या भरातच एका आठवड्याला मी स्टाफरूममधल्या चौघांना आणि प्राचार्यांना सहकुटुंब घरी कार्यक्रम बघायला बोलावलं. त्या आठवड्याचा विषय होता घरची माणसं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मामी मंचावर आल्या, नमस्कार केला आणि म्हणाल्या, “आज एक लई मोठं माणूस करते. आमच्या घरात यांच्यावर कुणीच न्हाई. आमचे जावईबापू.” मी स्टाफकडे बघून हसलो. मग पडद्यावर एक माणूस आला. त्यानं खुर्चीजवळ उभं राहून खिशातला रुमाल काढला, झटकला, खुर्चीवर अंथरला, चारी कोपरे सारखे केले आणि त्यावर बेतानं बसला. कुणीतरी त्याला प्रकृती विचारली. “तसं काही नाही, पण,” असं म्हणून तो सर्दीबद्दल पाच मिनिटं बोलला. गार झालेल्या चहावर त्यानं तीनदा फुंकर मारली. पुरणपोळी वाढायला कुणी आलं तेव्हा तो ‘नको नको’ म्हणत ताटावर हात आडवा धरून बसला, पण बोटं अशी फाकवून, की मधून अख्खी पोळी खाली जावी. माझ्या घरात हसण्याचा स्फोट झाला. आमच्या प्राचार्यांच्या पत्नीला ठसका लागला. मी खाली पाहिलं; चिवड्याची बशी माझ्या हातात होती, आणि त्यावर दुसऱ्या हाताची बोटं फाकलेली होती. मी उठलो, टीव्ही बंद केला आणि म्हणालो, “लाइट गेली वाटतं.” डोक्यावर पंखा फिरत होता.

दुसऱ्या दिवसापासून माझं शिकवणं संपलं. फळ्यावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘अक्षांश म्हणजे तसं काही नाही, पण’. मी खुर्चीकडे गेलो की वर्ग श्वास रोखून रुमालाची वाट बघायचा. रुमाल न अंथरता बसलो तर निराशेचा सुस्कारा ऐकू यायचा. भाजीवाली म्हणाली, “घ्या की मेथी, जावईबापू, बोटं फाकवा.” मी धर्मापुरीला जाणं बंद केलं. मामींचा फोन आला की बायकोकडे देऊ लागलो. बायको पहिल्यांदा हसली, मग समजावून पाहिलं, मग म्हणाली, “तुम्ही रुसलात हे आईला कळू देऊ नका. कळलं तर ती तेही करील.” पण कळलंच. एके दिवशी बायकोनं बळंच फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून मामी म्हणाल्या, “चुकलं माजं. राग धरू नका.” त्यात कुणाचाच आवाज मिसळलेला नव्हता. मी म्हणालो, “तसं काही नाही,” आणि स्वतःच्याच तोंडून ते वाक्य ऐकून आणखी चिडलो.

तेवढ्यात अधिक महिना लागला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. तीन वर्षांनी एकदा सासुरवाडीनं ताट वाढायचं, जावयानं जायचं. निरोप आला. मी चाचणीचे पेपर तपासायचे आहेत असं कळवलं. बायकोनं नुसत्या माझ्याकडे पाठ करून चपात्या लाटल्या. रविवारी दुपारी दारात सासरे उभे. हातात स्टीलचा डबा, बसच्या धुळीनं भरलेलं धोतर. सासरे मला सर म्हणतात. वीस मिनिटं ते आमच्या पंख्याच्या मोटारीचा आवाज ऐकत बसले. मग बायको चहा टाकायला आत गेली तेव्हा हळूच म्हणाले, “तिनं त्यो जावई बंद केला, सर.”

“का?”

“तुमी येईनात म्हणून. त्या टीव्हीवाल्यांनी लई सांगितलं, ह्योच पायजे, लोक ह्योच मागायलेत. ही म्हणली, जावयाची बदली झाली. मग तिनं त्यो हवामानवाला केला. लोक हसले न्हाईत. घरी आलीय परवा.”

“घरी म्हणजे? स्पर्धेतून?”

“हां. काडलं तिला.” मग उठता उठता म्हणाले, “मी सांगितलं म्हणून तिला सांगू नका. आन धोंडे गरम करून खावा.”

ते गेल्यावर मी डबा उघडला. पुरणाचे धोंडे, वर तुपाचा थर, बाजूला अनारसे. बायको म्हणाली, “खा आता. इथं कुणी बघत नाही.” मी दोन घास खाल्ले आणि उठलो. खरं तर दुसऱ्याच दिवशी धर्मापुरीला जायला हवं होतं. गेलो नाही. आधी रागानं जात नव्हतो, आता लाजेनं जाववेना. मामी परत गिरणीवर बसू लागल्या होत्या. बायको जाऊन आली आणि सांगितलं की आई दळण देते, पण माणसांकडे बघत नाही.

नवरात्रात आमच्या कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळचे कार्यक्रम असतात. त्यात मामींचं नाव लागलं. मला न विचारताच प्राचार्यांनी बोलावणं धाडलं होतं. मी चौथ्या रांगेत बसलो, शेजारी बायको. मैदान फुलून गेलं होतं. मामी आल्या. त्यांनी नट केले, बातम्यावाली केली, महाराज केले. लोक हसले, पण दोन नकलांच्या मधे दर वेळी मागून आरोळी येत होती, “जावई! मामी, जावई करा!” मामींनी हात जोडले. “जावई आजारी हाय. त्येला इसाव्याला लावलंय.” आरोळी वाढली. मामी पुन्हा हात जोडून उभ्या राहिल्या, आणि त्यांची नजर चुकून चौथ्या रांगेवर पडली, तशी त्यांनी ती चटकन काढून घेतली. आयुष्यभर माणसं टक लावून पाहणारी बाई माझ्याकडे बघायला भीत होती. ते मला सोसलं नाही. मी उठलो.

मंचावर कसा चढलो ते आठवत नाही. मामींजवळ जाऊन म्हणालो, “मामी, करा.” त्या म्हणाल्या, “न्हाई. आन तुमी बी खाली जावा.” लोकांना मी कोण ते कळलं आणि मैदानभर शिट्ट्या सुरू झाल्या. आता काहीतरी करणं भाग होतं. मी खिशातला रुमाल काढला, खुर्चीवर अंथरला, बसलो आणि म्हणालो, “तसं काही नाही, पण.” कुणी हसलं नाही. मी चहा फुंकला. एक मूल रडलं. ताटावर हात धरून बोटं फाकवली, तेव्हा मागून एक जण खच्चून ओरडला, “ए बे, ह्याला जमंना! मामीला करू दे!” मी घामाघूम होऊन मामींकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला ओळखीची वेदना दिसली. बेसूर गाणं ऐकताना गवयाचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. सगळं सहन करतील, पण कच्ची नक्कल त्यांना बघवत नाही. “आसं न्हाई, जावईबापू,” त्या कळवळून म्हणाल्या, “आदी झटकायचा, मग आंथरायचा. तुमी आदीच आंथरला. सरका तिकडं.”

मी सरकलो, आणि मामींनी मला उभा केला. रुमाल, सर्दी, चहा, पोळी. मैदान लोळत होतं, आणि खरं सांगतो, मीही. पण मी टीव्ही जिथं बंद केला होता तिथं ती नक्कल संपत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. पुढे जावई घरी निघाला. मामींनी खुर्ची आडवी केली, ती मोटारसायकल. जावयानं किक मारली. गाडी सुरू होईना. तो खाली बसला, रुमालानं प्लग पुसू लागला, आणि पुसता पुसता त्यानं तिरक्या नजरेनं दाराकडे पाहिलं. दारात मायलेकी बोलत होत्या. जावई पुन्हा खाली वाकला. पुन्हा पाहिलं, अजून बोलत होत्या. त्यानं एक नट उगीच काढला आणि उगीच लावला. मग लेक डोळे पुसत गाडीजवळ आली, तेव्हा जावई उठला, आणि गाडी एका किकमध्ये सुरू झाली.

हसणं हळूहळू विरत गेलं होतं. पुढच्या रांगांतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते. माझी मोटारसायकल सात वर्षांत एकदाही खरोखर बंद पडलेली नाही. हे मला माहीत होतं, आणि मला वाटत होतं की ते मला एकट्यालाच माहीत आहे. खाली बायको मान वर करून माझ्याकडे अशी बघत होती, की तिला आजच काही कळलं असावं.

टाळ्यांच्या गदारोळात मी मामींना विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्याच वर्षी.”

“मग बोलला का नाहीत?”

“कावून बोलू? बोलले असते तर तुमी लवकर निघाले असताव.”

आता या गोष्टीला बरेच दिवस झाले. वाहिनीनं मामींना पुन्हा बोलावलं, या वेळी स्पर्धेत नाही, रोजच्या विनोदी कार्यक्रमात. महिन्यातले तीन आठवडे त्या मुंबईला असतात. मी वर्गात बिनदिक्कत रुमाल अंथरतो. मुलं टाळ्या वाजवतात आणि मग अक्षांश ऐकून घेतात. धर्मापुरीला गिरणीवर सासरे बसतात. गिऱ्हाइकं म्हणतात, पीठ तसंच बारीक येतंय, पर करमत न्हाई.

मामींनाही तिकडे सुरुवातीला करमत नव्हतं. फोनवर म्हणायच्या, “हितं माणूस थांबतच न्हाई, जावईबापू. समोरून गेलं की गेलं. थांबल्याबिगर बघावं कसं?” मग परवाच्या फोनवर आवाज एकदम टवटवीत. म्हणाल्या, “जागा घावली. गल्लीत एक दवाखाना हाय. भाईर बाकडं. शूटिंग नसलं की जाऊन बसते.”

मी घाबरून विचारलं, “बरं नाही का तुम्हाला?”

“मला काय झालंय? नुसती बसते. कंपाउंडरनं दोन दिवस नंबर इचारला, तिसऱ्या दिवशी च्या आणून दिला. चांगली माणसं हायेत हितं बी. एक म्हातारी येती, खोकायच्या आदी पिशवी खाली ठिवती, मग खोकती, मग पिशवी उचलती. तिला शिकायलेय.”

बायकोनं माझ्या हातून फोन घेतला, तेवढ्यात पलीकडून खोल, खरखरीत खोकला आला. बायकोचा चेहरा उतरला. “आई, औषध घेतलंस का गं? किती दिवस झाले?” मग मामींचं हसू फुटलं. “घाबरलीस न्हवं? मंग जमली म्हातारी!” बायको एकाच वेळी रडली आणि हसली आणि म्हणाली, “कधी येतेस?” मामी म्हणाल्या, पंधरा दिवसांनी. एवढं बोलून त्या फोन बंद करायला विसरल्या. आम्ही दोघं तो मधे धरून ऐकत बसलो. बराच वेळ मुंबईचा रस्ता ऐकू येत होता, रिक्षा, कुणाची तरी हाक, आणि मधूनमधून त्या म्हातारीचा सराव.